हात न लावलेलं खातं

अमेरिका सोडून चार वर्षं झाली होती, तरी हृषीकेशचं एक खातं अजून तिथेच होतं. ओरेगनमधल्या नऊ वर्षांच्या नोकरीत त्याने ते भरलं होतं. आजारपणासाठीचं बचत खातं. पगारावर कर लागायच्या आधीच त्यात पैसे जायचे, शेअर बाजारात गुंतवले तर वाढीवर कर नाही, आणि दवाखान्याच्या खर्चासाठी काढले तर काढतानाही नाही. "तीन दारं, तिन्ही ठिकाणी फुकट प्रवेश," असं तो सांगायचा. आता तो आयर्लंडमध्ये लिक्सलिपच्या कारखान्यात होता, आणि तिथे त्याच्यासारखेच अमेरिकेतून बदलून आलेले चार-सहा मराठी इंजिनिअर होते. या विषयात सगळे त्यालाच विचारत.

त्याने त्यांना शिकवलेला नियम असा होता की आजारपणाच्या या खात्यातून आजारपणाला पैसे द्यायचे नाहीत. डॉक्टरचं बिल आलं की खिशातून भरायचं आणि पावती जपून ठेवायची. पावतीला मुदत नसते. वीस वर्षांनी, खातं चौपट झालं की तीच जुनी पावती दाखवून करमुक्त रक्कम काढायची. त्यामुळे मुलीचं, रेवाचं, मोडलेलं मनगट, बायकोची, सुचित्राची, अक्कलदाढ आणि पित्ताशयाचं ऑपरेशन, सगळं खिशातून झालं होतं. नव्वद हजार डॉलरच्या वर गेलेल्या त्या खात्याने घरातलं एकही आजारपण पाहिलं नव्हतं.

सुचित्राला यात वावगं वाटलं नव्हतं. हिशोब बरोबर होता, तिने स्वतः करून पाहिला होता. तिने नागपूरला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. अमेरिकेत व्हिसामुळे घरी बसावं लागलं, आणि इथे डब्लिनच्या कडेला एका लहानशा कंपनीत वजनं, तापमापक, दाबमापक तपासून प्रमाणित करण्याचं काम मिळालं. एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही, हे तिच्या कामाचं पहिलं कलम.

रेवा पंधरा वर्षांची होती आणि गावातल्या क्लबच्या कमोगी संघाची गोलरक्षक. काठीने चामडी चेंडू मारायचा हा मुलींचा खेळ सुचित्राला कधी पूर्ण कळला नाही, पण चेंडू क्रिकेटच्या चेंडूइतका कडक असतो आणि अंगावर येतो, एवढं कळत होतं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी रेवाने सलग तीन सोपे गोल जाऊ दिले. गाडीत बसल्यावर ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"काय झालं गं?"

"नथिंग. आय'म ग्रँड." इथल्या बोलीत ग्रँड म्हणजे ठीक.

"तुला चेंडू दिसतोय का नीट?"

"दिसतो ना. दोन दिसतात." रेवा सहज म्हणाली, जणू सगळ्यांनाच दिसतात. "आय जस्ट गो फॉर द लोअर वन. मोस्टली वर्क्स."

चष्म्याचा नंबर वर्षभरात दोनदा बदलला होता. चष्मेवालीने या वेळी नवा नंबर दिलाच नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली. खाजगी डॉक्टरांनी यंत्रावर रेवाच्या दोन्ही डोळ्यांचे नकाशे काढले. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येत होता. नकाशात जिथे निळा-हिरवा हवा तिथे उजव्या डोळ्यात खाली लाल डाग होता, डाव्या डोळ्यात पिवळा. सुचित्राने तो स्क्रीन डॉक्टरांच्या आधी वाचला. उजव्या डोळ्याची सगळ्यात पातळ जागा चारशे अठ्ठेचाळीस मायक्रॉन होती.

डॉक्टर पन्नाशीचे, कॉर्क शहराकडचे, सावकाश बोलणारे. उपाय आहे, ते म्हणाले. जीवनसत्त्वाचे थेंब घालून डोळ्यावर अतिनील प्रकाश सोडायचा, त्याने कॉर्नियाचे धागे एकमेकांत घट्ट विणले जातात. "पण एक लक्षात घ्या. यामुळे आजार थांबतो. गेलेलं परत येत नाही. ज्या दिवशी आपण हे करू, त्या दिवशी जी नजर असेल, ती आपण जपतो." चारशे मायक्रॉनच्या खाली कॉर्निया गेला तर ते हा उपचार करत नाहीत. या वयात आजार वेगाने वाढू शकतो. सरकारी यादीत नाव घालता येईल, पण वर्षभर तरी नंबर लागणार नाही. खाजगीत करायचं तर दोन्ही डोळ्यांचे साडेपाच हजार युरो, आणि पुढच्या महिन्यात तारीख मिळेल.

विम्याचा उपयोग नव्हता. कंपनीचा विमा हृषीकेशपुरता होता. बायको-मुलीचे पैसे वेगळे भरावे लागायचे, आणि ते त्याने रेवाचा नंबर वाढायला लागल्यावर भरले होते. आधीपासूनचा आजार, पाच वर्षं थांबा, असं विमा कंपनीने कळवलं. साठवलेले पैसे मागच्या ऑक्टोबरात घराच्या सुरुवातीच्या रकमेत गेले होते. बँकेत महिनाअखेर जेमतेम गाठता येईल एवढंच होतं.

"मग त्या खात्यातून काढू," सुचित्रा म्हणाली. तिला तो प्रश्न वाटलाच नव्हता.

हृषीकेश भांडी पुसत होता. "काढता येतील," तो म्हणाला. "पण घाई कशाला? दर महिन्याला सातशे बाजूला टाकले तर सप्टेंबरपर्यंत खिशातून होतं. मधे सरकारी नंबर लागला तर तेही वाचले."

"सप्टेंबरपर्यंत डोळा थांबेल का?"

"वाढतंय हे कुणी सांगितलं? डॉक्टर म्हणाले, वाढू शकतं. नकाशा एकच आहे ना? तूच म्हणतेस, एका रीडिंगवरून कल काढता येत नाही."

"नंबर दोनदा बदलला, हृषी."

"नंबर म्हणजे चष्म्याच्या दुकानातलं मशीन. तू प्रमाणपत्र दिलं असतंस त्याला?" तो हसला. चिडून बोलत नव्हता, समजावत होता. "आणि पैसे इकडे आणले की मधल्या वाढीवर इथला कर बसणार, मी वाचलंय सगळं. एवढी वर्षं करमुक्त ठेवायचं आणि शेवटी इथे येऊन कर भरायचा? सहा महिन्यांनी दुसरा नकाशा काढू. खरंच वाढलं असेल तर त्याच दिवशी करू. प्रॉमिस."

तो तिच्याच भाषेत बोलत होता. त्यातल्या एकाही वाक्याला तिला चूक म्हणता येईना. ऑगस्टची वेळ घेतली गेली.

ईस्टरच्या सुट्टीत निशिगंधा आली. सुचित्राची नागपूरची शाळेतली मैत्रीण, आता आयर्लंडमध्येच वॉटरफोर्डच्या मोठ्या रुग्णालयात डोळ्यांची डॉक्टर. चहा व्हायच्या आतच तिने रेवाला खिडकीपाशी उभं केलं आणि खाली बघायला सांगितलं. पुढे आलेल्या बुबुळाने उजवी खालची पापणी मधोमध टोकदार झाली होती.

"कधीची तारीख आहे?" तिने विचारलं.

"ऑगस्टात दुसरा नकाशा आहे," सुचित्रा म्हणाली.

"नकाशाची नाही, उपचाराची विचारून राहिले मी."

हृषीकेश बिस्किटांचं ताट घेऊन आला. "या डॉक्टरीणबाई, आल्या आल्या ओपीडी?"

"काय जावईबापू, पोरीचा डोळा शंकू होऊन राहिला आणि तुम्ही नकाशे जमवता? भूगोलाचे मास्तर आहात का?"

"अगं, आत्ता बाजार बघितलास का अमेरिकेतला? या महिन्यात काय आपटलाय! आज माझ्या तिकडच्या मेडिकल खात्यातून पैसे काढणं म्हणजे पडेल भावात विकणं. जरा वर येऊ दे."

"ते खातं कशासाठी आहे म्हणालात?"

"मेडिकलसाठी."

"आणि हे काय, ब्यूटी पार्लर आहे?"

तो मनापासून हसला. निशिगंधा हसली नाही. निघताना दारात तिने सुचित्राचं कोपर धरलं. "सुचे, आमच्याकडे येतात ना उशिरा, ते पेशंट दोन प्रकारचे. काहींकडे पैसे नसतात. काहींना पैसे मोडवत नाहीत. दुसऱ्यांना मी काही बोलू शकत नाही, कारण ते शिकलेले असतात. तू कर काहीतरी."

सुचित्राने केलं. मे महिन्यात दुपारची सुट्टी काढून ती गावातल्या क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे पतपेढीत, गेली. काउंटरवरच्या बाईंनी चष्मा डोक्यावर सरकवून तिचं सगळं ऐकून घेतलं. मुलीच्या डोळ्यासाठी म्हणताच त्या म्हणाल्या, "अरे देवा, बिचारी." पगाराचे तपशील दिले की आठवड्याभरात कर्ज होईल. तीन वर्षांत फेडायचं. व्याज फार नव्हतं.

हृषीकेशला तिने सांगितलं तेव्हा तो दुखावला. हे तिला अपेक्षित नव्हतं.

"नव्वद हजार डॉलर आहेत माझे. आणि बायको पाच हजारांचं कर्ज काढायला रांगेत उभी?"

"मग त्यातले दे."

"देणारच आहे ना! नाही म्हणालोय का मी? फक्त योग्य वेळी. व्याज भरून कर्ज काढणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा आहे, सुचित्रा. कुणाला सांगायचीही सोय नाही."

"कुणाला सांगायचंय?"

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाला, "जूनमध्ये तिची बोर्डाची परीक्षा आहे. उपचारानंतर आठवडाभर डोळा उघडत नाही, महिनाभर धूसर दिसतं. परीक्षा तरी होऊ दे."

हेही खरंच होतं. रेवाने परीक्षा मान तिरकी करून दिली. क्लबने तिला गोलमधून काढून बाकावर बसवलं होतं. ती घरी काही बोलली नाही. मैत्रिणीच्या आईने दुकानात सुचित्राला सांगितलं, "संघाला तिची फार उणीव भासते," आणि सुचित्राने ते माहीत असल्यासारखी मान हलवली.

जुलैत बाजार वर आला. नुसता सावरला नाही, आधीच्या शिखराच्याही पुढे गेला. हृषीकेशने जेवताना फोन पुढे करून तिला आलेख दाखवला. एप्रिलमध्ये खोल दरी आणि मग उभा चढ.

"बघितलंस? एप्रिलमध्ये काढले असते तर?"

"आता काढ."

"आता तर वेडेपणा होईल. कसलं चाललंय बघ ना!"

सुचित्रा त्या आलेखाकडे बघत राहिली. पडला म्हणून काढायचे नव्हते, चढला म्हणून काढायचे नव्हते. ज्या स्थितीत ते काढता येतील अशी स्थिती त्या आलेखात कुठेच नव्हती. तिच्या कामात असं उपकरण आलं असतं, तर काहीही मोजलं तरी काटा एकाच आकड्यावर राहतो असा शेरा मारून तिने ते परत पाठवलं असतं. हे तिने त्याला सांगितलं. त्याला उपमा आवडली.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी दोन नकाशे शेजारी शेजारी लावले. तिसरा नकाशा यंत्राने आपोआप काढला होता, दोन्हींच्या वजाबाकीचा. उजव्या डोळ्यात लाल जागा दुप्पट झाली होती. सगळ्यात पातळ जागा आता तीनशे ब्याण्णव. डॉक्टरांनी मोजणी पुन्हा घेतली, मग सुचित्राने सांगितलं नसतानाही तिसऱ्यांदा घेतली. तीनशे ब्याण्णव, त्र्याण्णव, ब्याण्णव. तिन्ही मोजण्या उत्तम जुळत होत्या.

"डावा वाचवता येईल," डॉक्टर म्हणाले. "लगेच करू. उजव्याला मी हा उपचार सुचवणार नाही, इतक्या पातळ पडद्याच्या आतल्या थराला इजा होऊ शकते. कडक लेन्स घालून बघू, जमली तर. पुढेमागे कॉर्निया बदलावा लागेल."

"बदलावा म्हणजे?" हृषीकेशने विचारलं.

"दुसऱ्या कुणाचा तरी. मरण पावलेल्या माणसाचा."

रेवा खुर्चीत सरळ बसली होती. हनुवटी यंत्रावर ठेवून ठेवून तिथे लाल खूण उमटली होती. "विल आय बी एबल टू प्ले?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघून उत्तर दिलं. डाव्या डोळ्याने पुष्कळ काही करता येईल, पण डोळ्यावर कडक चेंडू यायची शक्यता असलेला खेळ, आणि तोही गोलमध्ये, नको.

"ग्रँड," रेवा म्हणाली.

हृषीकेशने दिलेला शब्द पाळला. त्याच दिवशी, दवाखान्याच्या गाडीतळावर गाडी सुरू न करता, त्याने फोनवर खातं उघडलं, रक्कम घातली, दोनदा होय म्हटलं. गाडी सुरू व्हायच्या आत ते झालं होतं. पैसे तीन दिवसांत आले. इथला कर किती बसेल ते त्याने नंतर पाहिलं. साठ-सत्तर युरो. डाव्या डोळ्याचा उपचार पुढच्याच आठवड्यात झाला आणि चांगला झाला. एकाच डोळ्याचा असल्यामुळे खर्चही निम्म्याच्या आसपास आला. हे वाक्य हृषीकेशने मोठ्याने म्हटलं नाही. सुचित्राला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असं वाटलं, आणि असं वाटावं याचा तिला स्वतःचा तिटकारा आला.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आशुतोष आणि अक्षया चहाला आले. मुंबईकडचं तरुण जोडपं, ॲरिझोनाहून नुकतंच बदलून आलेलं. आशुतोष हृषीकेशच्याच विभागात होता. अक्षयाला पाचवा महिना होता. घर कुठे बघावं, दिवसभर घर तापवायचं की फक्त संध्याकाळी, असं बोलता बोलता आशुतोषने विषय काढला.

"सर, ते हेल्थवालं खातं आमचंही आहे. काय करू? काढून घेऊ का सगळे? इथे डिलिव्हरीचं काय काय निघेल कुणास ठाऊक."

"अजिबात नाही," हृषीकेश म्हणाला, आणि त्याचा आवाज वर्षभरापूर्वीसारखा मोकळा झाला. "हात लावायचा नाही त्याला. वाढू दे. खर्च खिशातून, पावत्या जपून. आमचं बघ, मध्ये रेवाच्या डोळ्याचं त्यातूनच केलं. एका महिन्यात भरून निघालं पुन्हा. आज आधीपेक्षा जास्त आहे."

"वा!" आशुतोष म्हणाला. "म्हणजे गरज पडली तेव्हा उपयोगी पडलं."

"तेच तर. बॅकअप असला की निर्णय शांतपणे घेता येतात."

रेवा पायऱ्यांवर बूट बांधत बसली होती. सामन्याला जायचं होतं, सीमारेषेवर पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. दार उघडं होतं.

"पण गरज पडली हे ठरवायचं कसं?" अक्षयाने विचारलं. प्रश्न हृषीकेशला होता, पण ती सुचित्राकडे बघत होती.

सुचित्राने किटली खाली ठेवली. "तिला दोन्ही डोळे होते तेव्हा फेब्रुवारी होता," ती म्हणाली. "उपचार मार्चमध्ये होणार होता. आमच्याकडे पैसे होते, म्हणून झाला नाही. नसते, तर आम्ही त्याच आठवड्यात कर्ज काढलं असतं, आणि आज ती गोलमध्ये उभी असती."

आशुतोषने कप बशीत ठेवला तो आवाज न करता.

"असं नाहीये ते," हृषीकेश म्हणाला. "आजार कुणाच्या हातात असतो का? डॉक्टरसुद्धा सांगू शकत नव्हते. सुचित्रा, लोकांसमोर तरी..."

"इट इज लाइक दॅट, बाबा," रेवा दारातून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिने काकांना, काकूंना नीट बाय म्हटलं आणि चौकट हाताने चाचपून बाहेर पडली.

मग अक्षयाने तिच्या डॉक्टरांनी एक तपासणी सांगितली आहे, ती इथे खाजगीत कुठे होते, असं विचारलं. सुचित्राने तिला पत्ता सांगितला आणि सोमवारीच जा, म्हणाली.